घंटा कोणाच्या हातात?

जातीचा शोध आपण बहुधा पाठ्यपुस्तकात घेतो. कोणत्या धड्यातून कोणाचा इतिहास गाळला, कोणत्या चित्रात कोण झाडताना दाखवलं, यावर आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो. ते केलंच पाहिजे. पण शाळेतली जात पुस्तकापेक्षा रोजच्या दिनक्रमात जास्त मुरलेली असते. सकाळी वर्ग कोण झाडतं? पिण्याचं पाणी कोण भरतं? खिचडीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं? शेवटच्या ओळीत रोज तेच चेहरे का असतात? आणि घंटा वाजवायला कोणाचं नाव घेतलं जातं? या पाच प्रश्नांची उत्तरं कोणत्याही धड्यात नसतात. तरी लेकरू दुसरीत जायच्या आत ती शिकून बसलेलं असतं. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना 'छुपा अभ्यासक्रम' ही संज्ञा आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा खरा अर्थ आम्हाला तेरखेड्यात लेकरांसोबत बसल्यावर कळला.

म्हणून लेकरांनी स्वतः चालवलेली शाळा, जिचा दिवस लेकरंच ठरवतात, हा विषय आम्ही हौसेचा मानत नाही. अनेक कार्यकर्ते मित्र म्हणतात की हे शहरातल्या खात्यापित्या घरांचे चोचले आहेत, आपल्या समाजाला परवडणारे नाहीत. आमचं म्हणणं उलट आहे. दिवसावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या देशात सगळ्यात आधी आपल्या लेकरांच्या वाट्याला आला आणि तो बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे.

गोणपाट, नळ आणि शिपाई

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणं होतात, हार घातले जातात. पण त्या मुलाचा शाळेतला रोजचा दिवस कसा होता, हे फार थोड्या भाषणांत येतं.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी तो दिवस सांगितला आहे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा. तो तुकडा शाळेतला झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर इतर मुलांनी नळावर जायचं आणि तोटी फिरवायची. या मुलानं मात्र आधी गुरुजींची परवानगी घ्यायची आणि मग शिपायाची वाट बघायची, कारण तोटी त्याच्या हाताला चालत नव्हती. शिपाई नसला तर पाणी नाही.

हे नीट वाचलं तर लक्षात येतं की इथं एकही धडा नाही, एकही कविता नाही. इथं आहे ते एका लेकराचं वेळापत्रक. कधी यायचं, काय उचलून आणायचं, कधी प्यायचं आणि कोणाच्या मर्जीनं प्यायचं. जातीनं त्याचा वर्ग बंद केला नव्हता. तिनं त्याचा दिवस आपल्या ताब्यात ठेवला होता.

याच मुलानं पुढे १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडे शिक्षण घेतलं. ड्यूई म्हणजे ज्यांनी १८९६ साली शिकागोत प्रयोगशाळा ठरावी अशी एक शाळा काढली. तिथं मुलं बाकावर हात बांधून बसत नव्हती. ती स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत, आणि त्या कामातून गणित, इतिहास, विज्ञान शिकत. शाळा हाच एक छोटा समाज आहे, मुलं पुढे कधीतरी लोकशाहीत जगणार म्हणून नव्हे तर आजच तिच्यात जगून ती शिकतात, असा त्यांच्या विचाराचा गाभा.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि तिथं होऊ न दिलेल्या भाषणात, म्हणजेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, बाबासाहेबांनी ड्यूईंचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेनं उल्लेख केला आहे. लोकशाही ही फक्त सरकार चालवायची पद्धत नसून माणसांनी एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा तिथला विचार ड्यूईंच्या शिक्षणविचाराशी थेट जोडलेला आहे. १९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब मानद पदवी घ्यायला कोलंबियाला गेले. त्याच महिन्याच्या १ तारखेला ड्यूईंचं निधन झालं होतं. गुरु-शिष्याची भेट राहून गेली.

तेव्हा 'मुलांच्या कलानं चालणारी शाळा' ही कल्पना आपल्यासाठी परकी नाही. ती बाबासाहेबांच्या वाचनातून आणि त्यांच्या गोणपाटातून, अशा दोन्ही वाटांनी आपल्यापर्यंत आलेली आहे.

तेरखेड्यातला एक साधा दिवस

तेरखेडा हे धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. बाहेरच्यांना ते फटाक्यांसाठी माहीत आहे. दिवाळीआधी लोक लांबून येऊन इथून फटाके नेतात. त्या फटाक्यांत दारू भरणारे हात कोणाचे, स्फोट झाला की भाजतं कोण, हे नेणाऱ्याला दिसत नाही. शिवारात पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. आणि दसरा-दिवाळी सरली की या सगळ्या पट्ट्यातून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातला नाहीतर कर्नाटकातला कुठला तरी फड. लेकरं एकतर कोपीवर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात.

अशा गावात आम्ही तिघं-चौघं मिळून बुद्धविहारात सकाळ-संध्याकाळ वर्ग चालवतो. त्याला नोंदणी नाही, अनुदान नाही, पाटी नाही. पहिली ते पाचवीची वीस-पंचवीस लेकरं असतात. बौद्ध जास्त, पण मातंग, पारधी, धनगर, मुसलमान घरांतलीही येतात. दिवसा ती आपापल्या शाळेत जातात. आमचा वर्ग शाळेऐवजी नाही. लेकरानं शाळेत ताठ मानेनं जावं, म्हणून तो आहे.

मोठ्यांनी ठरवलेले नियम इथं दोनच. पहिला, रोज प्रत्येकानं वाचायचं. दुसरा, कोणी कोणावर हात उचलायचा नाही आणि जातीवरून शब्द टाकायचा नाही, आणि हे मोठ्यांनाही लागू. बाकी सगळं शनिवारची सभा ठरवते, आणि सभा लेकरांची असते. आम्हाला तिथं बोलायचं तर हात वर करावा लागतो.

सकाळी साडेसहाला चावीवाली दोघं येतात. चावी आठवड्याला बदलते. एक मुलगा, एक मुलगी, आणि दोघं एका घरातली नकोत, हे सभेनं ठरवलेलं आहे. झाडायची पाळी चिठ्ठीनं निघते. पाण्याची घागर तिघं भरतात. ओगराळं एकच असतं आणि ज्यानं-त्यानं आपल्या हातानं पाणी घ्यायचं. कोणी कोणाला वरून ओतायचं नाही, हाही सभेचाच नियम. तो का केला, असं आम्ही विचारलं तेव्हा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "वरून वतलं की वंजळ करावी लागती. मग मागितल्यासारखं वाटतंय." बाबासाहेबांच्या नळाची गोष्ट तोवर आम्ही तिला सांगितलेलीही नव्हती.

सातला घंटा होते. घंटा म्हणजे दोरीला टांगलेला एक लोखंडी तुकडा. ती वाजली की लेकरं गोल बसतात आणि घरच्या बातम्या सांगतात. शेळी व्यायली. बोअरला पाणी लागलं नाही. रात्री मुकादम आला होता. एका सकाळी पारधी वस्तीवरचा मुलगा म्हणाला, "आमच्याकडं रात्री पोलीस आलते." गोल गप्प झाला. मग कोणीतरी विचारलं, "कशाला?" तो म्हणाला, "काय की. येतेत." त्या दिवशी मोठ्या मुलांनी फळ्यावर लिहायला जे शब्द निवडले त्यांत पोलीस, वकील, जामीन हे होते. पाचवीच्या गटाला आम्ही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची गोष्ट सांगितली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला हेही सांगितलं. "मग अजून का येतेत?" हा प्रश्न त्या मुलाचा नव्हता, दुसऱ्याच एका मुलीचा होता. आमच्या लेखी त्या दिवसाचं शिक्षण तिथं झालं. दुसऱ्याच्या दारावरची थाप आपल्या कानाला ऐकू येणं, यालाच बाबासाहेब बंधुता म्हणत असावेत.

नंतर तासभर काम. ज्याला वाचता येतं तो न येणाऱ्याला घेऊन बसतो. गणितात छोटी मुलं चिंचोके मोजतात, मोठी उचलीचा हिशेब करतात. उचल किती, तोड किती टन, कापून किती गेले, अंगावर बाकी किती. हे आकडे त्यांच्या घरातलेच असतात. आईच्या डोळ्यांदेखत मुकादमाची वही वाचून दाखवणारं लेकरू घरात तयार होतं, तेव्हा त्या वहीची भीती थोडी तरी उतरते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात बहुजनांच्या प्राथमिक शाळेत हिशेब, शेती, आरोग्य असले रोजच्या उपयोगाचे विषय असावेत, आणि शिक्षक शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे असावेत, अशी मागणी होती. त्याला आता जवळपास दीडशे वर्षं होत आली.

सभेत काय काय ठरतं

लेकरांच्या हाती कारभार दिला की ती नुसती खेळत बसतील, हा समज ज्यांचा आहे त्यांनी एक शनिवार आमच्या सभेत येऊन बसावं. तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं घंटेचं. चांगल्या बागायती घरातला एक मुलगा गणितासाठी आमच्याकडे येऊ लागला. त्याची झाडायची चिठ्ठी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. "आमच्या घरात पोरं झाडत न्हाईत. तुमच्यात चालत आसंल," असं म्हणाली. आम्ही उत्तर दिलं नाही, प्रश्न सभेत गेला. तिथं खूप कालवा झाला. एक म्हणाला त्याला काढून टाका. दुसरी म्हणाली त्याची पाळी मी करते. त्यावर चौथीतली मुलगी उखडली, "तू केल्यावर मग काय बदललं?" शेवटी ठरलं ते असं, की जो झाडणार नाही त्याला घंटा वाजवता येणार नाही. काढायचं कोणालाच नाही. तो मुलगा चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला, झाडू घेतला, कोपरे सोडून झाडलं, आणि सातला घंटा इतक्या जोरात वाजवली की आळीतले कुत्रे भुंकायला लागले. आजी अजून त्याच्यासोबत घरच्या पाण्याची बाटली पाठवते. तो ती पितो की घागरीतलं पितो, हे आम्ही बघत नाही. बघायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे, कारण ती लढाई आता त्याची आहे.

दुसरं उदाहरण धाकट्या भावंडांचं. हंगाम सुरू झाला की मोठ्या मुली येईनाशा होत. सरकारी भाषेत याला गळती म्हणतात, जणू मडक्याला भोक पडलं आहे आणि दोष मडक्याचा आहे. खरं कारण घरोघरी कडेवर दिसतं. आई फडात, आजी मजुरीला, मग दीड वर्षाचा भाऊ सांभाळायचा कोणी? मोठ्यांच्या बैठकीत यावर उपाय निघत नव्हता. सभेत तो पाच मिनिटांत निघाला. भाऊ घेऊन या. एक सतरंजी, दोन डबे, थोडे चिंचोके नकोत कारण गिळतील, आणि तासाला दोघांनी सांभाळायचं, त्यात मुलगेही आले. तेव्हापासून आमच्या वर्गात रडारड वाढली आहे आणि मुलींची हजेरीही वाढली आहे. मुलगी शाळेत यावी म्हणून भाऊ सांभाळणारा मुलगा, हे दृश्य आमच्या गावात कोणत्याही योजनेनं आणलेलं नव्हतं.

जी लेकरं फडावर गेली त्यांच्यासाठी एक वही ठेवायचंही सभेनंच ठरवलं. रोज एकानं तीत लिहायचं, आज काय झालं, कोणती गोष्ट वाचली, कोणाचं भांडण झालं. परतलेलं लेकरू चैत्रात ती वही घेऊन कोपऱ्यात बसतं. मागे पडलेला अभ्यास एका वहीनं भरून निघत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण आपण नसताना आपली आठवण काढणारे लोक आहेत, हे त्याला कळतं. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना याच लेकरांसाठी आहे. ती वेळेवर सुरू व्हावी म्हणून दरवर्षी पाठपुरावा करावा लागतो, आणि तोही आम्ही करतो.

तिसरं उदाहरण आपल्याच लोकांना झोंबणारं आहे. वर्ग विहारात भरतो म्हणजे सुरुवात त्रिसरण-पंचशीलानं व्हावी, असं ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं होतं. सभेत हा विषय आला तेव्हा एका बौद्ध मुलानंच विचारलं, "आन् सलमासारख्यांनी तवा काय करायचं? बाहेर उभं ऱ्हायचं?" (नाव आम्ही बदललं आहे.) ठरलं असं की सकाळी सगळ्यांनी संविधानाची उद्देशिका म्हणायची आणि दोन मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. वंदना संध्याकाळी, ज्यांना म्हणायची त्यांनी. काही ज्येष्ठ नाराज झाले, अजून आहेत. त्यांचा आदर ठेवून आम्ही एवढंच म्हणतो, की ज्या धम्मानं तपासून पाहिल्याशिवाय मानू नका असं सांगितलं, त्या धम्माच्या विहारात लेकरांनी विचार करून घेतलेला निर्णय हा धम्माचा अपमान कसा होईल? वर्गाबाहेर उभं राहणं काय असतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

"बाबासाहेब काय खेळून बॅरिस्टर झाले का?"

हा प्रश्न आम्हाला वस्तीतल्या एका आजोबांनी विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे. आपल्या लेकराला शिस्त पाहिजे, इंग्रजी पाहिजे, मार्क पाहिजेत. दुसऱ्याचं पोरगं नापास झालं तर त्याच्या बापाची जमीन आहे, दुकान आहे. आपलं नापास झालं तर कोयता आहे.

या म्हणण्यात जे खरं आहे ते आम्ही पूर्णपणे मान्य करतो. पर्यायी शिक्षणावर बोलणारे बरेच लोक ते मान्य करत नाहीत, हीच आमची त्यांच्याशी तक्रार आहे. ज्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, आई रात्री गोष्ट वाचून दाखवते, तिथल्या मुलाला शाळेनं मोकळं सोडलं तरी तो वाचायला शिकतो. शाळेनं न दिलेलं घर भरून काढतं. आमच्या लेकराच्या घरात छापील अक्षर म्हणजे रेशनकार्ड आणि औषधाची पट्टी. त्याला 'तुझ्या वेळेनं शिक' असं म्हणून सोडून दिलं तर ती वेळ येतच नाही. मोकळेपणाच्या नावाखाली त्याला निरक्षर ठेवणं हा जुन्याच व्यवस्थेचा नवा गोड चेहरा आहे. म्हणून रोज वाचणं हा आमच्याकडे सभेचा विषय नाही, तो नियम आहे. पाटीवर कोणता शब्द लिहायचा, कोणासोबत बसायचं, गोष्ट कोणती घ्यायची, हे लेकरू ठरवतं. वाचायचं की नाही, हे नाही.

मोकळीक आणि पक्कं वाचन एकत्र नांदू शकतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दलित वस्तीतल्या मुलांना लिहाय-वाचायला शिकवण्यापासून काम सुरू केलं. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावर ग्रंथही संपादित केला, म्हणजे जात कुठं आणि कशी राहते हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या वाचनपद्धतीत 'क ख ग घ' अशी माळ ओढत बसावं लागत नाही. मोजकी अक्षरं आणि काना-मात्रा घ्यायच्या आणि पहिल्यापासूनच त्यांतून अर्थाचे शब्द, वाक्यं वाचायची. आम्ही तोच धागा धरून आमच्या लेकरांचे शब्द घेतो. ऊस, मोळी, कोयता, कोपी, पाचट. 'कमळ' शब्दापाशी अडणारी मुलगी 'कोयता' मात्र झटक्यात वाचते, कारण तो तिनं हातात धरलेला आहे.

लेकरांच्या दिवसाला शाळेनं जुळवून घ्यायचं, हेही आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली. गुरं चरतायत तिथंच शाळा. लेकराच्या कामाचा दिवस बदलता येत नसेल तर घंटा तिकडं नेऊन वाजवा, असा त्याचा अर्थ.

आणि त्याही आधीची गोष्ट पुण्याची. १८४८ साली सावित्रीमाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं लिहिलेला, मांग-महारांचं दुःख मांडणारा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्या धर्मात आम्हाला ग्रंथ वाचायचा अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, असा सवाल एका शाळकरी मुलीनं जाहीरपणे केला. त्या शाळेत लेकरांना प्रश्न विचारायची मुभा नसती तर असा निबंध लिहून झाला असता का? मुलांच्या आवाजानं चालणाऱ्या शाळेचा इतिहास लिहायचा असेल तर तो परदेशापासून नव्हे, मुक्तापासून सुरू करावा लागेल.

आजोबांना आम्ही इंग्रजीचंही उत्तर दिलं. इंग्रजी पाहिजे ही मागणी सभेत लेकरांनीच केली, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास ती होते. राहिली शिस्त. ज्या शिस्तीसाठी छडी लागते ती छडी असेपर्यंतच टिकते. साडेसहाला कोणी न उठवता चावी घेऊन येणारी मुलगी आमच्या लेखी शिस्तीची आहे. आजोबांचं पूर्ण समाधान झालं असं नाही. पण त्यांची नात रोज येते, आणि उशीर झाला तर तेच तिला हाकलतात.

आता करायचं काय

प्रत्येक विहारात असा वर्ग भरावा, असं आम्हाला वाटतं. पण विहारातले वर्ग सरकारी शाळेची जागा घेऊ शकत नाहीत, आणि घेऊ नयेत. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये शिक्षण बालकेंद्री असावं, कृतीतून आणि शोधातून व्हावं, मूल भीती आणि ताणापासून मुक्त असावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ करणं यांना बंदी आहे. म्हणजे आम्ही मागतो ते काही जगावेगळं नाही, ते कायद्यातच आहे. एका बाजूला हा कायदा, आणि दुसऱ्या बाजूला कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या हालचाली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा कुठं असतात? वाड्या, तांडे, पारधी वस्त्या, दलित वस्त्या इथंच. तिथली शाळा लांब गेली की सगळ्यात आधी कडेवर भाऊ असलेली मुलगी घरी बसते. तिच्यासाठी घंटा कोण वाजवतं हा प्रश्नच उरत नाही, कारण घंटा ऐकूच येत नाही.

याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्यापैकी किती जण या समितीच्या बैठकीला जातात? आपली माऊली त्या समितीवर असेल तर तिला बैठकीचा निरोप मिळतो की नुसती वहीवर सही घेतली जाते?

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक भावा-बहिणीला आमची विनंती आहे. आपल्या गावच्या शाळेच्या पुढच्या बैठकीला जा आणि शांतपणे पाच प्रश्न विचारा. वर्ग कोण झाडतं आणि पाळी कशी ठरते? पाणी कोण भरतं, आणि प्रत्येक लेकरू आपल्या हातानं घेतं का? खिचडीला कोण कुठं बसतं? चौथीतल्या किती मुलांना न अडखळता एक पान वाचता येतं, आणि ज्यांना येत नाही ती कोणत्या वस्तीतली आहेत? आणि शेवटचा, घंटा गेल्या महिन्यात कोणी कोणी वाजवली? उत्तरं वहीत लिहून घ्या, खाली तारीख टाका, आणि पुढच्या महिन्यात परत जाऊन तेच प्रश्न विचारा.

निवेदनं आणि मोर्चे चालूच राहतील. पण जात रोज सकाळी शाळेत येते, हजेरी लावते आणि झाडूपाशी, घागरीपाशी उभी राहते. तिला तिथंच गाठावं लागेल, रोज, शाळेच्या वेळेत.

जय भीम! जय संविधान!